सोमालियातील लहान मच्छीमारांना मदत करताना बोटी शेवटी का द्याव्यात

उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या आणि गेली दोन वर्षे माजलगाव धरणावरील मच्छीमार संस्थांबरोबर काम करणाऱ्या एका ताईंनी हा प्रश्न विचारला आहे. सोमालियाच्या पुंटलँड भागात, हिंदी महासागराच्या काठावरील एका लहान गावात मच्छीमारांना पुन्हा उभे करण्याच्या प्रकल्पावर त्या येत्या जूनमध्ये रुजू होत आहेत. आराखड्यात ४० फायबरच्या बोटी, तितकीच इंजिने आणि जाळी वाटण्याची तरतूद आहे. आपला सगळा अनुभव गोड्या पाण्याचा, समुद्र जवळून पाहिलेलाही नाही, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत काय करावे आणि काय टाळावे, असे त्या विचारतात.

माझी पहिली अकरा वर्षे पैठणच्या नाथसागर जलाशयावर गेली आणि त्यानंतरची श्रीलंकेच्या उत्तर किनाऱ्यावर व सोमालियात. त्या अनुभवावरून आधीच स्पष्ट सांगतो की, या आराखड्यातील ४० बोटी हा सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा भाग आहे. तुमच्या हातात असेल तर पहिल्या वर्षी एकही बोट वाटू नका. गोड्या पाण्याच्या अनुभवाबद्दलचा संकोचही सोडून द्या. वारा, लाटा, इंजिन हे सारे तिथल्या लोकांना तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी चांगले कळते आणि ते त्यांना शिकवायला तुम्ही जात नाही. तुम्हाला समजून घ्यायचे आहे ते एवढेच, की पाण्यातून बाहेर आलेला मासा आधीच कोणाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशात, अडकलेला असतो. आणि हे माजलगावला दोन वर्षे काढलेल्या माणसाला मोठ्या बंदरावर वाढलेल्या माणसापेक्षा लवकर उमगते.

जूनमध्ये रुजू व्हायला मिळते आहे, हे चांगलेच झाले. मृग लागला की आपल्याकडे सगळे ज्या वाऱ्याकडे डोळे लावून बसतात, तोच नैर्ऋत्य मोसमी वारा सोमालियाच्या किनाऱ्याला लागून इतक्या जोराने वाहतो की लहान बोटी पाण्यात घालता येत नाहीत. हा वारा किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर लोटतो, त्याच्या जागी खोलातले थंड आणि पोषक पाणी वर येते, आणि त्या समुद्रात माशांची जी समृद्धी आहे ती बरीचशी या थंड पाण्यामुळे आहे. तुम्ही पोहोचाल तेव्हा बोटी वाळूवर ओढून ठेवलेल्या असतील, जाळी दुरुस्तीला काढलेली असतील, पुरुष घरी असतील आणि घरात पैसा नसेल. सप्टेंबरपर्यंत साधारण हीच स्थिती राहते. बहुतेक प्रकल्पांच्या वेळापत्रकात हे महिने ‘काम बंद’ म्हणून कोरे सोडलेले मी पाहिले आहेत, आणि माझ्या मते नेमकी हीच मोठी चूक आहे.

याचे कारण असे की, वर्षभराचा हिशेब याच महिन्यांत बांधला जातो. बीडकडच्या ऊसतोड कामगाराने मुकादमाकडून घेतलेली उचल त्याचा पुढचा हंगाम कसा बांधून टाकते, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सोमालियाच्या किनाऱ्यावरील व्यापारी समुद्र बंद असताना तांदूळ, पीठ, साखर आणि दवापाण्यासाठी पैसे देतो, हंगाम उघडताना इंधन आणि बर्फ देतो, आणि त्या बदल्यात हंगामभर मासा त्याच्याच वजनकाट्यावर, त्यानेच सांगितलेल्या भावाने घालावा लागतो. अशा माणसाला नवी बोट दिली तर तो या साखळीतून सुटत नाही. मोठ्या इंजिनाला जास्त इंधन लागते, दूर जायचे म्हणून जास्त बर्फ लागतो, आणि तो पूर्वीपेक्षा मोठी उचल घेतो. बोट त्याच्या नावावर राहते, पण तिने पकडलेला मासा व्यापाऱ्याच्याच काट्यावर जातो.

व्यापारी म्हटले की आपल्याकडच्या कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडत असे. नाथसागराच्या काठावरील एका संस्थेच्या सभासदांना मी मोठ्या उत्साहाने स्थानिक व्यापाऱ्याला बाजूला सारून थेट शहराच्या बाजारात मासा पाठवायला लावले होते. पहिले दोन आठवडे किलोमागे चांगला फरक पडला आणि मी स्वतःवर फारच खूश होतो. तिसऱ्या आठवड्यात, ऐन एप्रिलमध्ये, बर्फाची गाडी आलीच नाही. पहाटे चारपासून रोहू आणि कटल्याची चाळीस कॅरेट ओल्या पोत्यांखाली काठावर पडून होती. सकाळी नऊपर्यंत लाल कल्ले तपकिरी झाले, अकराला वास सुटला आणि दुपारी आम्ही तो सगळा मासा खड्डा खणून पुरला. बर्फाचा कारखाना त्याच व्यापाऱ्याच्या मेव्हण्याचा होता. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्या भोई सभासदाने खड्ड्यावर माती लोटताना मला विचारले, “साहेब, बर्फ कुणाचा हाय, हे आधी इचारलं न्हवतं का?”

तोच प्रश्न मी पुढे प्रत्येक देशात पहिल्या दिवशी विचारत आलो आहे. उष्ण प्रदेशात एक किलो मासा टिकवायला ढोबळमानाने एक किलो बर्फ धरावा लागतो, त्यामुळे बर्फ ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. त्यामागोमाग इंधन कोणाचे, गाडी कोणाची आणि पैसे कोणामार्फत फिरतात, हे विचारायचे. सोमालियात १९९१ मध्ये केंद्रीय सत्ता कोसळली तेव्हा बँकांची व्यवस्थाही कोसळली. तेव्हापासून हवाला आणि अलीकडे मोबाईलवरचे पैसे यांवरच रोजचे व्यवहार चालतात. अशा ठिकाणी व्यापारी हाच बँक असतो, आजारपणातला आधारही तोच, आणि रस्त्यावरच्या नाक्यांवर ओळख सांगून माल पुढे काढणाराही तोच. त्याला हटवले तर त्याची ही सगळी कामे तुम्ही करणार आहात का, याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच असते, कारण प्रकल्प तीन वर्षांत संपतो. म्हणून त्याला हटवण्याच्या फंदात न पडता त्याच्या शेजारी दुसरा खरेदीदार टिकू शकेल अशी परिस्थिती निर्माण करणे, एवढेच उद्दिष्ट ठेवावे. बंद समुद्राच्या महिन्यांत प्रत्येक घराला मोबाईलवरून थेट थोडी रोख रक्कम मिळाली, तर सप्टेंबरअखेर तो माणूस निम्म्या उचलीवर समुद्रात उतरतो, आणि निम्मा मासा तरी स्वतःच्या मर्जीने विकू शकतो. त्याच्या जोडीला बर्फ दोन दिवस टिकेल अशा जाड भिंतींच्या पेट्या द्याव्यात. पैशाला पैसा लावून पाहिला तर बोटीपेक्षा हे दोन्ही फार स्वस्त पडते.

आता बोटींबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या कार्यालयात वाद यावरच होणार आहे. सोमालियात हे एकदा करून झालेले आहे. आपल्या ७२ च्या दुष्काळानंतर दोनच वर्षांनी, १९७४-७५ मध्ये तिथे भीषण दुष्काळ पडला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सियाद बर्रे यांच्या सरकारने जनावरे गमावलेली हजारो पशुपालक कुटुंबे सोव्हिएत विमानांनी हलवली. काहींना शेतीच्या वसाहतींत नेले आणि काहींना किनाऱ्यावर मच्छीमार म्हणून वसवले. बोटी होत्या, प्रशिक्षण होते, सहकारी संस्थाही काढल्या होत्या. पुढे पाऊसमान सुधारले आणि त्यांतील बहुतेक पुरुष उंट-शेळ्यांकडे परत गेले. दुसरा दाखला २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचा. श्रीलंका आणि इंडोनेशियाचा आचे प्रांत हे दोन्ही त्या वेळी संघर्षग्रस्त होते. जगभरातून आलेल्या पैशाचे रूपांतर बोटींत करणे सर्वांत सोपे होते, कारण बोटी मोजता येतात आणि त्यांचे छायाचित्रही छान येते. काही ठिकाणी पूर्वीपेक्षा जास्त लहान बोटी पाण्यात आल्या, काहींचा दर्जा असा होता की त्या लाटांत चालवताच येईनात, आणि ज्यांनी कधी जाळे टाकले नव्हते त्यांच्याही नावावर बोटी लागल्या. आपल्याकडे अनुदानाच्या शेळ्या कोणाकोणाच्या दावणीला बांधल्या जातात हे आठवले, की यापुढे काही सांगायला नको.

आचेमध्ये मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी झाली. तिथे ‘पांगलिमा लाओत’ नावाची शेकडो वर्षांची परंपरागत संस्था आहे. हा पांगलिमा कोणी कुठे मासेमारी करावी हे सांगतो, भांडणे मिटवतो आणि शुक्रवारी कोणी समुद्रात जाऊ नये हा नियम पाळायला लावतो. सरकार आणि बंडखोर यांच्यातील तीस वर्षांच्या संघर्षातही ही संस्था टिकून राहिली, आणि त्सुनामीनंतर खरा मच्छीमार कोण हे तिला विचारणाऱ्यांचे काम त्यातल्या त्यात बरे झाले. तुमच्या गावातही असे कोणीतरी असेलच. त्याला पद नसेल, शिक्का नसेल, पण जाळी एकमेकांत गुंतली की लोक त्याच्याकडे जात असतील. त्याला शोधणे हे जुलैचे काम.

बोट देऊनही उपयोग का होत नाही, याचे दुसरे कारण मी जाफनाकडे पाहिले. श्रीलंकेतील युद्ध मे २००९ मध्ये संपले. उत्तरेच्या मच्छीमारांवरचे, समुद्रात जायला लागणाऱ्या पासचे आणि बंदीच्या पट्ट्यांचे निर्बंध सैल होत गेले, आणि आम्ही उत्साहाने नवी जाळी वाटली. पण पाल्कच्या सामुद्रधुनीत आठवड्यातल्या ठरावीक तीन रात्री तमिळनाडूकडचे ट्रॉलर, म्हणजे मोठे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी, येत आणि पाण्यात सोडलेली जाळी फाडून नेत. लोकांनी त्या रात्री समुद्रात जाणेच सोडले होते. आम्ही जाळी दिली होती, पण ती सुरक्षितपणे टाकता येईल अशी जागा दिली नव्हती, आणि ती देणे आमच्या हातातही नव्हते. श्रीलंकेने तळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर कायद्याने बंदी आणली ती २०१७ मध्ये.

सोमालियाच्या समुद्रातही जागेचा प्रश्न असाच आहे. परदेशी जहाजांनी तिथले मासे लुटणे, त्याचा राग, त्या रागाच्या आडून वाढलेली चाचेगिरी आणि २००८ पासून आलेली परदेशी युद्धनौकांची गस्त, हा इतिहास तुम्हाला ठाऊक असेल. चाचेगिरी २०११ च्या सुमारास शिखरावर होती आणि त्या काळात लहान बोटीतला साधा मच्छीमारही गस्तीच्या दुर्बिणीतून चाचेगिरी करणाराच दिसत असे. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिथल्या मच्छीमारांची बायोमेट्रिक नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम हाती घेतले. किनाऱ्यापासून २४ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ४४ किलोमीटरचा पट्टा स्थानिक मच्छीमारांसाठी राखीव आहे. २०१८ च्या अखेरीस चिनी जहाजांना टूनासाठी परवाने दिले गेले तेही त्या पट्ट्याच्या बाहेरचे. पण पट्टा कागदावर असणे आणि रात्रीच्या अंधारात तो पाळला जाणे यांत अंतर असते. समोरच्या येमेनकडे पाहा. तांबड्या समुद्रातील हानिश बेटांवरून १९९५ मध्ये येमेन आणि एरिट्रिया यांच्यात चकमक झाली, लवादाने १९९८ मध्ये निकाल देताना बेटांपैकी बरीचशी येमेनला दिली, आणि दोन्ही देशांच्या पारंपरिक मच्छीमारांचा त्या पाण्यावरचा हक्क कायम राहील असेही स्पष्ट म्हटले. तरीही पुढच्या काळात त्याच पाण्यात येमेनी मच्छीमार पकडले गेले, आणि २०१५ नंतरच्या युद्धात तर तांबड्या समुद्रात पाणसुरुंगांची भर पडली. त्यामुळे नव्या बोटीने आणखी दूर जाता येईल, असे प्रस्तावात लिहिण्यापूर्वी त्या दूरच्या पाण्यात काय वाट पाहते आहे, हे तिथे जाऊन आलेल्या चार नावाड्यांना वेगवेगळे बसवून विचारा.

लाभार्थ्यांच्या यादीबद्दल आणि गोळा केलेल्या माहितीबद्दल इशारा देणे आवश्यक आहे. माझी आजी रझाकारांच्या काळातल्या गोष्टी सांगायची. घरातल्या ज्वारीचे पेव कुठे आहे हे तीनच माणसांना माहीत असे, कारण धान्य कोणाकडे किती आहे हे बाहेर कळले की दोन्ही बाजूंचे लोक दारात येत, आणि एकाला दिले की दुसरा विचारी, त्याला का दिलेस. संघर्षाच्या प्रदेशात माहितीचा अर्थ असा असतो. कोणाकडे कोणते इंजिन आहे, कोण कोणत्या वाटेने किती दूर जातो, कोणाला किती रक्कम मिळाली, हे तुम्ही टॅबवर भरून घ्याल आणि तुम्हाला तो निव्वळ पायाभूत सर्वेक्षणाचा भाग वाटेल. कर गोळा करणाऱ्या सशस्त्र गटाला तीच वसुलीची यादी वाटू शकते. मासेमारीच्या जागांचे जीपीएस बिंदू माणसाच्या नावाशी जोडून कधीही साठवू नका. लागणार नाही ती माहिती विचारूच नका. लाभार्थ्यांच्या यादीतही केवळ गरिबी पाहून भागत नाही. कोणत्या कुळाच्या (वंशगटाच्या) किती घरांना मिळाले, बर्फाचे यंत्र कोणत्या कुळाच्या वस्तीत बसले, त्याला राखणदार कोण नेमला, यांवरून गावात दोन वर्षे अबोला राहिलेला मी पाहिला आहे. आपल्याकडे भावकीत बांधावरून काय होते ते आठवा आणि तिथे त्या बांधावर बंदूकही आहे असे समजा. यंत्र दोन वस्त्यांच्या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या जागी बसवायला जास्त खर्च येत असेल तर तो करा.

स्त्रियांचा विषय आराखड्यात वेगळ्या रकान्यात टाकलेला असेल. तो तिथून काढून मधोमध आणा. मासेमारी, प्रक्रिया आणि विक्री हे सगळे मिळून पाहिले तर जगातील लहान मासेमारीत दर दहा माणसांत चार स्त्रिया असतात, असे २०२३ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले. बोटींवर स्त्रिया जवळपास नसतात, म्हणून बोटी वाटणाऱ्या प्रकल्पाला त्या दिसतच नाहीत. आपल्या आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील घेऊन बसणारी बाई आठवा. समुद्र तिने कदाचित पाहिलेला नसतो, पण माल किती दिवस टिकेल, कोणाला उधारीवर द्यावा आणि कोणाला नाही, हे तिच्याइतके कोणाला कळत नाही. सोमालियाच्या गावांतही किरकोळ विक्री करणाऱ्या स्त्रियांकडून तुम्हाला भावाची खरी माहिती मिळेल, आणि तुम्ही स्वतः स्त्री असल्यामुळे ज्या अंगणात मला कधी बसता आले नाही तिथे तुम्हाला बसता येईल. वाळवण्याच्या साध्या उंच ताटव्या, स्वच्छ मीठ, सावली आणि पाण्याचा नळ, एवढ्याने वाया जाणारा मासा किती कमी होतो हे तुम्हीच मोजून पाहा. देशाच्या आतल्या भागात लोक मटण आणि दुधावर वाढलेले आहेत, माशाची सवय कमी आहे, त्यामुळे बाजार वाढायला वेळ लागतो. त्याची घाई करू नये.

हे सगळे देणगीदाराला पटवायचे कसे, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. लहान मासेमारीविषयीची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे सदस्य देशांनी २०१४ मध्ये अन्न व कृषी संघटनेत मान्य केलेली आहेत, आणि सशस्त्र संघर्षाच्या स्थितीत मच्छीमारांचे मानवी हक्क आणि प्रतिष्ठा जपावी असे त्यांत म्हटले आहे. पत्रात त्यांचा आधार घ्या, कारण वरच्या कार्यालयाला कागद लागतो. प्रत्यक्ष भेटीत मात्र आकडे मांडा. एका बोटीच्या किमतीत किती घरांना बंद महिन्यांत रोख रक्कम देता येते आणि किती पेट्या येतात, हे एका पानावर मांडलेत तर निम्मा वाद तिथेच मिटतो. आणि शांतता आल्यावर बोटींची गर्दी आपोआप होते, हेही सांगा. दोन्ही महायुद्धांत उत्तर समुद्रातली मासेमारी जवळपास थांबली, मासा वाढला, युद्धे संपल्यावर भरघोस मिळाला, आणि जहाजांची संख्या वाढताच काही वर्षांत पुन्हा घटला. आपल्याकडच्या धरणांत बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडल्यावर पहिल्याच महिन्यात बारीक आसाची (छिद्रांची) जाळी लावणारे लोक आपण दोघांनीही पाहिलेले आहेत.

स्वतःच्या सुरक्षेबाबत संस्थेचा सुरक्षा अधिकारी सांगेल ते विनातक्रार ऐका, आणि स्थानिक सहकाऱ्यांना तुमच्यापेक्षा जास्त धोका असतो हे विसरू नका, कारण तुम्ही परत येणार आहात.

क्रम असा ठेवा. जून आणि जुलैमध्ये कोणाला काहीही द्यायचे नाही. उचलीचा, बर्फाचा, इंधनाचा आणि गाडीचा मालक शोधायचा आणि भांडण मिटवणारा माणूस शोधायचा. ऑगस्टमध्ये रोख रक्कम द्यायची, आणि जुनी इंजिने दुरुस्त करायची. त्यासाठी गावचा मेकॅनिक जे इंजिन डोळे झाकून उघडतो, त्याचेच सुटे भाग मागवायचे. सप्टेंबरमध्ये पेट्या आणि ताटव्या. महिन्याच्या अखेरीस वारा पडेल आणि पहिल्या बोटी पाण्यात जातील. त्या आठवड्यात रोज पहाटे काठावर उभे राहून कोणाचा मासा कोणाच्या काट्यावर चढतो ते लिहून काढा, जूनमध्ये लोकांनी दिलेल्या उत्तरांशी ते ताडून पाहा, आणि बोटींच्या खरेदीची फाईल त्यानंतरच उघडा.